दुसरं ऑक्सफर्ड

मंडळी, ऑक्सफर्ड म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे येतं ते इंग्लंडमधलं. जुन्या दगडी इमारती, झगे घातलेले प्राध्यापक आणि आपल्या टेबलावरची ती जाडजूड डिक्शनरी. आज मात्र मी लिहिणार आहे ते दुसऱ्याच ऑक्सफर्डबद्दल. हे गाव अमेरिकेत आहे, दक्षिणेकडच्या मिसिसिपी राज्यात, मेंफिस शहरापासून गाडीने साधारण दीड तासावर. २०२० च्या जनगणनेत इथली वस्ती होती २५,४१६. म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव. विद्यापीठातले विद्यार्थीही जवळपास तेवढेच. त्यामुळे सुट्ट्या लागल्या की गाव ओस, आणि फुटबॉलचा सामना असला की पाय ठेवायला जागा नाही!

शाळेत आम्ही अमेरिकेचा इतिहास चार पानांत उरकत असू. स्वातंत्र्ययुद्ध, मग लिंकन, मग गुलामगिरीचा अंत. गुलामगिरी संपली की धडा संपला. पण खरी गोष्ट तर त्यानंतरच सुरू होते. ती एका लहान गावाच्या आधाराने सांगता आली तर बघावं, म्हणून हे ऑक्सफर्ड निवडलं. शिवाय मी पडले शिक्षिका. शाळा-कॉलेज आलं की गाव सुधारतं, या श्रद्धेवर आमची उभी हयात गेली. ती श्रद्धा या गावाच्या इतिहासावर घासून बघावी, असंही मनात होतं.

नावापासूनच सुरुवात करते. १८३० च्या दशकापर्यंत हा सगळा मुलूख चिकसॉ या तिथल्या मूळ रहिवाशांचा. १८३२ च्या पोंटोटॉक क्रीकच्या कराराने त्यांना तो सोडायला लावला आणि पुढच्या काही वर्षांत ते पश्चिमेकडे, आजच्या ओक्लाहोमात गेले. जाणाऱ्यांच्या जमिनी घ्यायला व्यापारी टपलेलेच होते. होका नावाच्या एका चिकसॉ बाईकडून १८३६ मध्ये तिघांनी जमीन विकत घेतली, त्यातली ५० एकर काउंटीला दिली (काउंटी म्हणजे आपला जिल्हा समजा), आणि तिथे गाव आखलं गेलं. मधोमध कोर्टाची इमारत, भोवती चौकोनी चौक आणि चौकाभोवती दुकानं. आजही गावाची मांडणी तीच आहे. १८३७ मध्ये गावाला रीतसर मान्यता मिळाली आणि नाव ठेवलं ऑक्सफर्ड. का? तर राज्याचं विद्यापीठ निघणार अशी बोलवा होती, आणि असं भारदस्त नाव असलं तर ते आपल्याकडे येईल ही आशा! बाळ जन्मायच्या आधीच दारावर त्याच्या पदवीची पाटी लावावी, तसलाच हा प्रकार. पण डाव साधला. १८४१ मध्ये विद्यापीठाची जागा ठरली तेव्हा विधिमंडळात ऑक्सफर्डने फक्त एका मताने बाजी मारली.

विद्यापीठ प्रत्यक्ष उघडलं १८४८ च्या नोव्हेंबरात. विद्यार्थी ८०. सगळे गोरे, सगळे मुलगे, आणि बरेचसे कापसाच्या मळेवाल्यांच्या घरचे.

१८४८! हे साल मराठी माणसाला वेगळ्याच कारणाने पाठ असतं. त्याच वर्षी पुण्यात भिडेवाड्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली. ज्यांना पाटीला हात लावू दिला जात नव्हता त्यांच्यासाठी ती शाळा होती. तिकडे ऑक्सफर्डला ज्यांच्याकडे आधीच सगळं होतं त्यांच्यासाठी विद्यापीठ उघडत होतं. १८६० मध्ये मिसिसिपीची लोकसंख्या होती ७,९१,३०५ आणि त्यातले ४,३६,६३१ गुलाम. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं दुसऱ्याच्या मालकीची. त्यांना लिहायला-वाचायला शिकवण्यावर कायद्याचीच बंधनं. आणि गंमत बघा (गंमत कसली म्हणा!), विद्यापीठाची ती लायसियम नावाची पांढऱ्या खांबांची देखणी इमारत उभी राहिली ती याच लोकांच्या श्रमांवर. त्यांचे हात लागल्याचं सांगणारी पाटी विद्यापीठात लागली ती २०१८ मध्ये. १७० वर्षांनी.

त्या काळातल्या एका माणसाबद्दल थोडं सविस्तर सांगते. फ्रेडरिक बर्नार्ड. हे उत्तरेकडचे, गणित आणि विज्ञानाचे प्राध्यापक, कानाने अधू. १८५४ मध्ये ते ऑक्सफर्डला आले आणि दोनच वर्षांत विद्यापीठाचे प्रमुख झाले. इथे उत्तम दर्जाचं विज्ञान शिकवायचं हे त्यांचं स्वप्न. त्यांनी वेधशाळा बांधून घेतली आणि तिच्यासाठी साडेअठरा इंच व्यासाच्या भिंगाची दुर्बीण मागवली. त्या वेळी जगात एवढं मोठं भिंग कुठेच नव्हतं. मॅसॅच्युसेट्समधल्या क्लार्क यांच्या कारखान्यात ते तयार होईपर्यंत यादवी युद्ध पेटलं. १८६२ च्या जानेवारीत त्या भिंगाची चाचणी घेताना व्याधाच्या ताऱ्याचा अंधुक जोडीदार पहिल्यांदा दिसला. खगोलशास्त्रातली मोठीच घटना! पण भिंग ऑक्सफर्डला आलंच नाही, ते शिकागोला गेलं. वेधशाळेची इमारत आजही उभी आहे, आता तिथे दक्षिणेच्या संस्कृतीचा अभ्यास चालतो. ज्या दुर्बिणीसाठी ती बांधली ती मात्र तिथे कधी बसलीच नाही.

याच बर्नार्ड यांच्या घरी जेन नावाची एक गुलाम स्त्री होती. (होय, बर्नार्ड स्वतः गुलाम बाळगून होते.) १८५९ मध्ये नवरा-बायको परगावी असताना काही विद्यार्थी घरात शिरले आणि त्यांच्यातल्या एकाने तिच्यावर अत्याचार केला. बर्नार्ड यांनी तिचं म्हणणं खरं मानलं आणि त्या विद्यार्थ्याला पुन्हा घ्यायला नकार दिला. झालं, गावात गहजब! गोऱ्याविरुद्ध गुलामाची साक्ष कायद्यालाच मान्य नव्हती, मग विद्यापीठाचा प्रमुख ती मानतो म्हणजे काय? हा माणूस गुलामगिरीच्या बाबतीत कच्चा आहे, अशी कुजबुज सुरू झाली. १८६० च्या मार्चमध्ये विश्वस्तांपुढे रीतसर चौकशी झाली. बर्नार्ड निर्दोष ठरले, पण कसे? तर आपण स्वतः गुलामांचे मालक आहोत आणि या बाबतीत आपली मतं अगदी पक्की आहेत, अशी ग्वाही देऊन. जेनचं पुढे काय झालं याची चौकशी करावी असं कुणाला वाटलं नाही. चौकशी होती ती मालकाच्या निष्ठेची.

एवढे विद्वान लोक एका खोलीत बसले होते. ग्रीक, लॅटिन, गणित सगळं येत होतं. आणि प्रश्न काय विचारत होते, तर या बाईवर विश्वास ठेवलास कसा? मला या गावाच्या इतिहासातला हा सगळ्यात बोलका प्रसंग वाटतो.

१८६१ मध्ये युद्ध सुरू झालं आणि वर्गच्या वर्ग सैन्यात भरती झाले. 'युनिव्हर्सिटी ग्रेज' नावाची विद्यार्थ्यांची तुकडीच निघाली. १८६३ च्या जुलैत गेटिसबर्गला शेवटच्या दिवशीच्या त्या प्रसिद्ध चढाईत या तुकडीतले जेवढे गेले तेवढे सगळे मेले किंवा जखमी झाले. त्याआधी १८६२ मध्ये शायलोच्या लढाईतले जखमी सैनिक आणून लायसियममध्ये ठेवले होते. वर्गांचं इस्पितळ झालं आणि मागच्या बाजूला दफनभूमी. १८६४ च्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या सैन्याने कोर्टासकट चौक जाळला. विसाव्या वर्षीचं ते मरण वाचताना जीव हळहळतो. पोरं शूर होती, यात शंका नाही. पण कशासाठी मेली, हा प्रश्न मग गावाने पुढची शंभर वर्षं स्वतःला विचारला नाही. पुतळा मात्र उभारला. १९०६ मध्ये विद्यापीठाच्या दारात एक, १९०७ मध्ये कोर्टासमोर दुसरा.

गुलामगिरी संपल्यावर मुक्त झालेल्या लोकांनी चौकाच्या जवळच आपली वस्ती वसवली. 'फ्रीडमन टाउन'. स्वतःची घरं, स्वतःचं चर्च. तो काळ खरोखर आशेचा होता. १८७० मध्ये याच मिसिसिपीने हायरम रेव्हल्स यांना सेनेटवर पाठवलं, अमेरिकेच्या सेनेटमधले ते पहिले कृष्णवर्णीय. आपल्याकडे जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केलं, ते याच दिवसांत. पण दोनच वर्षांत, १८७५ च्या निवडणुकीत, मिसिसिपीत दहशतीने मतं रोखली गेली आणि १८९० च्या राज्यघटनेने तर कृष्णवर्णीयांचा मताचा हक्क कागदोपत्रीच काढून घेतला. पुण्यात अर्पणपत्रिकेची शाई वाळते न वाळते तोच तिकडे कुंपण पुन्हा घालायला सुरुवात झाली होती.

विद्यापीठाचं लाडकं नाव 'ओल मिस' आहे. ऐकायला किती गोड! ते आलं १८९७ च्या वार्षिकांकाच्या नावावरून. मळ्यावरचे गुलाम मालकिणीला 'ओल मिस' म्हणत, म्हणजे थोरल्या बाईसाहेब. मुलं आजही सामन्यांमध्ये हेच नाव गर्जून घेतात. १९०८ मध्ये नेल्स पॅटन नावाच्या कैद्याला जमावाने तुरुंग फोडून ठार मारलं आणि त्याचा मृतदेह चौकात टांगला. त्या जमावाचं नेतृत्व आपण केलं असं एका माजी सिनेटरने उघडपणे, अभिमानाने सांगितलं. तेही वकील!

त्या वेळी गावात दहा वर्षांचा एक मुलगा होता. विल्यम फॉकनर. त्याने शाळा पुरी केली नाही. विद्यापीठात वर्षभर बसला आणि इंग्रजीत जेमतेम 'डी' मिळवला. मग विद्यापीठाच्या पोस्टात नोकरी धरली आणि तिथे पत्रं वाटण्याऐवजी वाचत-लिहीत बसायचा. १९२४ मध्ये ती नोकरीही गेली. गावाने त्याला 'काउंट नो-काउंट' असं नाव ठेवलं होतं, म्हणजे बिनकामाचे सरदार! या सरदारांनी १९३० मध्ये गावाबाहेरचं एक जुनं पडकं घर घेतलं, त्याला 'रोवन ओक' नाव दिलं आणि तिथे बसून आपल्याच गावावर कादंबऱ्या लिहिल्या. गावाचं नाव बदलून जेफरसन केलं, काउंटीचं योक्नापटॉफा. जुने पुतळे, जुनी घराणी, झाकून ठेवलेली पापं आणि रक्ताची नाती, सगळं त्यात आलं. १९४९ चं नोबेल त्यांना मिळालं. ज्या गावाने शंभर वर्षं स्वतःला प्रश्न विचारला नाही, त्याला तो विचारणारा निघाला शाळा सोडलेला पोस्टमास्तर. विद्यापीठाने त्यांना 'डी' दिला होता, हे विसरू नका.

अर्थात फॉकनरही आपल्या काळाचेच. वर्णभेद चूक आहे असं ते म्हणत, पण बदल सावकाश करा असा सल्लाही १९५६ मध्ये त्यांनी दिला. सावकाश म्हणजे किती सावकाश? ६ जुलै १९६२ ला ते वारले. तीन महिन्यांच्या आत त्या प्रश्नाचं उत्तर गावाच्या दारात येऊन उभं राहिलं.

त्या उत्तराचं नाव जेम्स मेरेडिथ. जन्म मिसिसिपीतलाच, १९३३ चा. नऊ वर्षं हवाई दलात नोकरी केलेला तरुण. १९६१ च्या जानेवारीत, केनेडी अध्यक्ष झाले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्याने प्रवेशासाठी पत्र लिहिलं. विद्यापीठाने नाकारलं. खटला वरपर्यंत गेला. त्याच्या बाजूने लढत होत्या कॉन्स्टन्स बेकर मॉटली, त्याही कृष्णवर्णीय आणि बाई. निकाल त्याच्या बाजूने लागला, तरी राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट स्वतः आडवे आले.

रविवार, ३० सप्टेंबर १९६२. संध्याकाळी मेरेडिथला गुपचूप आवारात आणलं आणि लायसियमभोवती फेडरल मार्शल उभे राहिले. जमाव जमला. आधी शिव्या, मग विटा, बाटल्या आणि मग बंदुका. केनेडी टीव्हीवरून विद्यार्थ्यांना त्यांच्या परंपरेची, अब्रूची आठवण देत होते तेव्हा इकडे अश्रुधुराची नळकांडी फुटत होती. रात्रभर दंगल चालली. दीडशेहून अधिक मार्शल जखमी झाले, त्यातले २८ गोळ्यांनी. जखमींना लायसियमच्या फरशीवर झोपवलं. बरोबर शंभर वर्षांपूर्वी, १८६२ मध्ये, त्याच इमारतीत असेच जखमी आणले होते! दोघांचा जीव गेला. पॉल गिहार हे फ्रेंच वार्ताहर आणि रे गंटर हा बघायला आलेला स्थानिक कारागीर. त्यांचे मारेकरी कधीच सापडले नाहीत. पाच-सहा हजार वस्तीच्या गावात वीस हजारांहून अधिक सैनिक उतरवावे लागले. एका माणसाला वर्गात बसवण्यासाठी!

त्या रात्रीची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावातल्या चर्चचे धर्मगुरू डंकन ग्रे जमावात शिरले, पुतळ्याच्या चौथऱ्यावर चढले आणि लोकांना घरी जायची विनवणी करू लागले. तोच तो १९०६ चा पुतळा. लोकांनी त्यांना ओढून खाली पाडलं. पण कुणीतरी एक जण चढला होता, हे इतिहासात नोंदलं गेलं. अशी माणसं थोडी असतात, आणि अशांमुळेच एखाद्या गावाची थोडीफार लाज राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेरेडिथने प्रवेश घेतला आणि तो वर्गात गेला. पहिला तास कशाचा असेल? इतिहासाचा! अमेरिकेच्या वसाहतकाळाचा इतिहास. हे मी वाचलं तेव्हा पुस्तक मिटून जरा वेळ नुसती बसून राहिले. जळका वास अजून हवेत असेल, बाहेर सैनिक आणि आत एक शिक्षक खडू घेऊन उभा. कसा शिकवला असेल तो तास!

मेरेडिथ वर्षभर मार्शलांच्या पहाऱ्यात शिकला. त्याच्याशेजारी जेवायला बसण्याची हिंमत फार थोड्यांनी दाखवली. इतिहासाचेच प्राध्यापक जेम्स सिल्व्हर हे त्यातले एक. त्यांनी पुढे १९६४ मध्ये मिसिसिपीच्या बंदिस्त समाजावर पुस्तक लिहिलं आणि मग त्यांना राज्य सोडावं लागलं. १८ ऑगस्ट १९६३ ला मेरेडिथला पदवी मिळाली. पुढे १९६८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतली.

आता इथे एक धागा जुळतो, तो तुम्हाला दाखवल्याशिवाय राहवत नाही. ऑक्सफर्ड सोडलेले ते बर्नार्ड १८६४ मध्ये याच कोलंबियाचे प्रमुख झाले आणि पंचवीस वर्षं राहिले. स्त्रियांना उच्च शिक्षण मिळावं म्हणून ते तिथे भांडले, आणि १८८९ मध्ये मुलींचं कॉलेज निघालं त्याला त्यांचंच नाव दिलं गेलं. त्यांनी वाढवलेल्या त्या विद्यापीठात १९१३ मध्ये आपले बाबासाहेब आंबेडकर शिकायला गेले. ज्यांना घरच्या शाळेत वेगळं बसवलं होतं, त्यांना तिथे वाचनालयाची दारं उघडी मिळाली. आणि अर्ध्या शतकानंतर ऑक्सफर्डच्या दंगलीतून तावून निघालेला मेरेडिथही तिथेच गेला. तिघांची कधी गाठ पडली नाही, पडणं शक्यच नव्हतं. पण जेनवर विश्वास ठेवला म्हणून ज्याची चौकशी झाली, त्याला मोकळेपणाने काम करता आलं ते दुसऱ्या गावात. त्याचं फळ ऑक्सफर्डला मिळालं असतं तर?

आजचं ऑक्सफर्ड दिसायला फार लोभस आहे म्हणतात. चौकात १९७९ पासूनचं 'स्क्वेअर बुक्स' हे नावाजलेलं पुस्तकांचं दुकान आहे, त्याचे मालक पुढे दोनदा गावचे महापौर झाले. पुस्तकविक्रेता महापौर! आपल्याकडे होईल असं? अग्निशामक दलात नोकरी करता करता लॅरी ब्राउन इथेच लेखक झाले. सामन्याच्या दिवशी 'ग्रोव्ह' नावाच्या झाडीत तंबू ठोकून, टेबलांवर पांढऱ्या चादरी घालून, चक्क झुंबरं लावून मेजवान्या होतात. हौस म्हणून इंग्लंडहून लाल डबल-डेकर बसही आणली आहे. नावाची भूल अजून उतरलेली नाही!

बदल झाला, पण हळूहळू. मेरेडिथचा पुतळा २००६ मध्ये बसवला आणि २०१४ मध्ये कुणीतरी त्याच्या गळ्यात दोराचा फास अडकवला. १९३५ मध्ये जमावाने मारलेल्या एल्वूड हिगिनबॉथम यांच्या स्मरणार्थ फलक लागला २०१८ मध्ये. विद्यापीठातला तो सैनिकाचा पुतळा २०२० च्या जुलैत हलवून दफनभूमीजवळ नेला. त्याच महिन्यात काउंटीच्या मंडळाने कोर्टासमोरचा पुतळा मात्र जागेवरच ठेवायचं एकमताने ठरवलं. एक पुतळा हलला, एक नाही. गाव नेमकं कुठवर आलं आहे, हे याहून नेमकं कसं सांगणार?

तर सुरुवातीला म्हटलं होतं, आपली श्रद्धा घासून बघावी. शाळा-कॉलेज आलं म्हणजे गाव शहाणं होतं का? ऑक्सफर्डने मला शिकवलं ते असं. शिक्षण नुसतं येऊन चालत नाही, ते कुणासाठी आलं यावर सगळं असतं. फाटकाला कुलूप असलं की बाहेरच्याचं नुकसान होतंच, पण आतला माणूसही हळूहळू आंधळा होतो. ग्रीक-लॅटिन येऊनही त्याला समोरची जेन दिसत नाही. ११४ वर्षं ते विद्यापीठ चाललं आणि १९६२ च्या त्या सोमवारी सकाळी पहिल्यांदा त्याने आपल्या नावाला शोभेल असा तास घेतला. आपल्याकडचीही किती गावं, किती शाळा या फुटपट्टीने मोजता येतील, ते ज्याचं त्याने बघावं.

असो. पुष्कळ लिहिलं. आपल्यातली जी मंडळी अमेरिकेत आहेत, त्यांना मेंफिसच्या बाजूला जायचा योग आला तर दीड तास वाट वाकडी करून या गावात नक्की जा. फॉकनरचं घर बघा, चौकात पुस्तक विकत घ्या. पण लायसियमसमोर जरा जास्त वेळ उभे राहा, आणि त्या विटा कुणी रचल्या ते बरोबरच्या मुलांना सांगा.